पाय लागला की थांबणारी कांचन

मोताळ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की आजही कोणीतरी हटकून विचारतं, "मॅडम, ऑस्ट्रेलियाले हरवलं होतं का मंग तुम्ही?" मी खरं तेच सांगते, की ऑस्ट्रेलिया त्या स्पर्धेत खेळलीच नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ऑस्ट्रेलियात जायचं, तिथलाच फुटबॉल खेळायचा, आणि तेच मैदानात नाहीत, हे कोणाच्या पचनी पडत नाही. एक कांदेवाला तर माझी समजूत घालत म्हणाला, "भेले असतीन."

भ्याले वगैरे काही नव्हते. ती आंतरराष्ट्रीय स्पर्धाच मुळी बाहेरच्या देशांच्या हौशी संघांसाठी असते. हौशी म्हणजे खेळून पोट न भरणारे. कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी कॉलेजात शिकणारी. यजमान स्वतः उतरले असते तर आम्हा सगळ्यांचा चिवडा झाला असता, म्हणून ते बाजूला राहिले आणि पंचगिरी, रंगरंगोटी, जेवणखाण सांभाळत बसले. लग्नघरच्यांनी पाहुण्यांची पंगत आधी उठवावी, तसं. मला तर तिथेच ती माणसं आवडली.

मी इंगळे मॅडम. तीस वर्षं क्रीडाशिक्षिका होते, नुकतीच निवृत्त झाले. आमच्या नोकरीत खो-खो, लेझीम, सव्वीस जानेवारीची कवायत आणि जनगणनेचं काम, एवढंच भविष्य असतं. मी मेलबर्नला जाऊन पोहोचले ती नागपूरच्या एका शिबिरामुळे. तिथे कोलकात्याचे दास सर आले होते, पुढे भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले ते. त्यांनी पिशवीतून लांबुळका चेंडू काढला आणि म्हणाले, हा एकदा तुमच्या खो-खोच्या पोरींच्या हातात देऊन बघा. मी तो चेंडू घेऊन एसटीत बसले तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, पपई केवढ्याला दिली. तेव्हापासून आमच्याकडे त्या खेळाचं नाव पपईचा खेळ असंच पडलं.

खेळ सांगायला सोपा आहे, खेळायला महाकठीण. मैदान क्रिकेटचं, लंबगोल. एकेका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. लाथेने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, सहा गुण. कडेच्या फटीतून गेला किंवा मधल्या खांबाला लागला तर एकच गुण, म्हणजे चुकलेल्यालासुद्धा काहीतरी मिळतं. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण मधूनमधून जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. फेकता येत नाही, मुठीने ठोसा मारून द्यायचा. आणि लांबून लाथेने आलेला चेंडू कोणी हवेतल्या हवेत झेलला, की खेळ तिच्यापुरता थांबतो. मग तिने निवांत नेम धरून मारावा, कोणी अंगाला हात लावायचा नाही. हा झेल म्हणजे त्या खेळाचा जीव.

शाळेमागच्या मैदानात आम्ही लाकडी बल्ल्या रोवल्या तेव्हा गावातली माणसं विचारायची, मांडव कोणाच्या लग्नाचा. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मैदानभर कांद्याची सालं आणि शेण असायचं, आणि काळ्या मातीत तो चेंडू पडला की कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण पोरी रमल्या. पाठलागावर पळायची सवय त्यांना होतीच. त्यातल्या दोघी पुढे भारताच्या महिला संघात गेल्या. मोताळ्याची नसरीन, तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान आहे, आणि संग्रामपूरची कांचन. कांचनचे वडील शिंपी. मी तिला जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धेत पाहिली आणि खांबावरची ती झेप बघून घरीच जाऊन मागणी घातली, खेळासाठी. वडिलांनी मशीन थांबवलं, चष्मा काढला आणि विचारलं, एवढ्या दूर नेता तर परत कधी आणता. बाकी काही विचारलं नाही. पोरींच्या बापांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले, पण असेही भेटले आहेत, ते सांगायला हवं.

मी संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून गेले. तिथे गेल्यावर कळलं की मला आणखी एक काम आहे, निरोप्याचं. त्या खेळात प्रशिक्षक सीमारेषेबाहेर, मैदान अवाढव्य, ओरडलेलं कोणाला ऐकू जात नाही. म्हणून एका माणसाने भडक रंगाचा बिनबाह्यांचा सदरा घालून, खेळ चालू असतानाच आत पळत जायचं, ज्याचा निरोप त्याला सांगायचा आणि तसंच बाहेर पळायचं. चेंडूच्या वाटेत यायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. आमच्याकडे दुसरं माणूसच नव्हतं, तेव्हा पन्नाशी उलटलेली मी. पंचांनी पहिल्या दिवशी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून ठेवायला लावली. नोकरीला लागल्यापासून शिट्टीशिवाय मी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. गळा मोकळा मोकळा वाटत होता आणि फार राग आला होता.

आता कांचनची गोष्ट. तिचं घर म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिलाई मशीन, मागे चूल, आणि मध्ये सगळी माणसं ओळीने झोपणार. अशा घरात उठता बसता कोणाला ना कोणाला पाय लागतोच. लागला की वाकायचं, त्या माणसाला हात लावायचा, तो हात कपाळाला न्यायचा. हे आपण सगळेच करतो. पण कांचनच्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की ती झोपेतसुद्धा करायची, नसरीन शपथेवर सांगते.

कोलकात्याच्या सराव शिबिरात पहिल्याच दिवशी ते उघडं पडलं. कांचनने चेंडू हिसकावला आणि सुसाट निघाली. पळता पळता तिचा बूट एका मुलीच्या पोटरीला लागला. कांचन थांबली. चेंडू काखेत धरून वाकली, त्या मुलीच्या खांद्याला हात लावून कपाळाला नेला. तेवढ्यात तिसरीने काखेतला चेंडू ठोसा मारून उडवला. असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. या खेळात पाय लागत नाही असा क्षण नाही. दास सर डोक्याला हात लावून मला विचारायचे, "मॅडम, ये पूजा कब तक चलेगा?"

मी सगळे उपाय केले. रागावले, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, कौतुक करून पाहिलं. पोरगी रडवेली व्हायची आणि पुन्हा तेच. शेवटी तोडगा नसरीनने काढला. जेवायच्या वेळी ती बाकावर उभी राहिली आणि म्हणाली, कांचनचा पाय मैदानात कोणालाही लागो, आपण तो आत्ताच माफ करून टाकायचा, हात वर करा. बंगालच्या, ओडिशाच्या, आपल्याकडच्या सगळ्या पोरींनी हात वर केले. कांचनने एकेकीकडे नीट पाहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं थांबणं बंद. दास सर खूश, मी खूश. आमच्यातल्या कोणाच्याही ध्यानात आलं नाही की हा करार फक्त आमच्या पोरींपुरता झाला आहे.

मेलबर्नला ऑगस्टात थंडी असते, बोटं वाकत नाहीत अशी. मैदान हिरवंगार आणि भोवती लोक मोटारी लावून आतच बसलेले. गोल झाला की टाळ्यांऐवजी सगळे हॉर्न वाजवतात. पहिल्यांदा हॉर्न वाजले तेव्हा आमच्या दोन पोरी दचकून बाजूला झाल्या, मागून ट्रक आल्यासारख्या. आणि पहिल्या सामन्यात कांचन पुन्हा थांबली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा समोरच्या मुलीने तिच्या वाकलेल्या पाठीवरून हात घालून चेंडू उचलला आणि तिकडे गोल झाला. आम्ही सपाटून हरलो.

सामना संपल्यावर मी तिला चांगलीच फैलावर घेतली. शिबिरात जमलं ते इथे काय झालं, म्हणून. ती मान खाली घालून म्हणाली, "आपल्या पोरीईनं माफ केलं होतं मॅडम. यायनं कुठी केलं?"

बरोबरच होतं तिचं. पण दास सरांना हे पटवून देणं माझ्या हिंदीच्या पलीकडचं होतं. त्यांनी पुढच्या सामन्यात तिला बसवलं. कांचन कांबळं गुंडाळून बाकावर बसली होती आणि आमच्या पोरींची धाव बघून नुसते पाय हलवत होती. एवढ्या लांब येऊन पोरगी बाकावर बसून परत जाणार, हे मला बघवेना. तोही सामना हरलो. मग शेवटचा राहिला. मी सरांच्या मागे लागले, भांडले म्हटलं तरी चालेल. शेवटी ते म्हणाले, एक संधी देतो, पण ती पुन्हा थांबली तर त्याच क्षणी बाहेर, आणि मग संघात तिचं काम नाही.

समोरचा संघ पॅसिफिकमधल्या बेटांवरचा होता. दणकट, हसऱ्या मुली. त्यांची व्यवस्थापक माझ्याच वयाची, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. सामन्याआधी मी थेट तिच्याकडे गेले. माझं इंग्रजी वर्गापुरतं. म्हणून मी करूनच दाखवलं. तिच्या बुटाला माझा बूट लावला, वाकले, तिच्या खांद्याला हात लावून कपाळाला नेला, आणि मग कांचनकडे बोट दाखवलं. बाई पोट धरून हसली. तिने तिच्या सगळ्या मुलींना बोलावलं आणि मला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. मग त्या सगळ्या ओळीने कांचनकडे गेल्या आणि एकेकीने तिच्या पाठीवर थाप मारली. कांचन प्रत्येकीला हात जोडत होती. दास सर आभाळाकडे बघत होते.

त्या दिवशी कांचन जी खेळली ती काय सांगू. पाय लागत होते, ती पळत होती. सामन्याच्या चारपैकी पहिले तीन भाग आम्ही त्यांच्या बरोबरीने राहिलो, आणि मला वाटलं, मिटली भानगड. पण नवीनच उपटली.

कांचन आमच्या पुढच्या फळीत, त्यांच्या खांबांजवळ. तिच्यावर नजर ठेवायला त्यांची सेला नावाची मुलगी होती, कांचनपेक्षा डोक्याने उंच. या खेळात अशा दोघी सामनाभर खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. आमच्याकडून उंच चेंडू आला की सेला नुसते हात वर करायची आणि झेलायची. यावर एकच उपाय असतो, आणि तो त्या खेळात कायदेशीर तर आहेच, शिवाय सगळ्यात मानाचा. पुढे उभ्या असलेल्या खेळाडूच्या पाठीवर, खांद्यावर चढून, तिच्या डोक्यावरून चेंडू झेलायचा. लोक त्यासाठी तिकीट काढून येतात. असा झेल घेईल एवढी झेप आमच्या संघात फक्त कांचनची होती, आणि दास सरांनी तिला निवडलंच त्यासाठी होतं.

शेवटच्या भागाआधीच्या सुट्टीत त्यांनी तिला हे सांगितलं. कांचन पांढरीफटक पडली. "चुकून लागला थे येगळं, सर. मानसावर मुद्दाम कसा देऊ पाय?" मी भाषांतर केलं. सरांनी ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटचा भाग सुरू झाला. दोनदा चेंडू उंच आला, दोनदा सेलाने झेलला, कांचन मागे नुसती उभी. आम्ही पाच गुणांनी मागे होतो. वेळ संपत आली होती. सरांनी मला जवळ बोलावलं आणि निरोप दिला, पुढच्या चेंडूला वर जा, नाहीतर बाहेर ये.

मी पळत सुटले. मैदान संपता संपेना. कांचनजवळ पोहोचले तेव्हा मला धाप लागली होती. निरोप जसाच्या तसा सांगितला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगा. देऊ का?"

निरोप्याने पदरचं घालायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण समजा घालायचं ठरवलं असतं तरी काय घातलं असतं? पोरींना हे करा, ते करू नका, असं सांगण्यात माझा जन्म गेला. त्या घटकेला मला खरंच कळेना. दे म्हणावं तर ज्या संस्काराचं मला मनातून कौतुक होतं तोच मोडायला सांगते आहे, आणि नको म्हणावं तर ती बाकावर जाणार. पंच माझ्या नावाने ओरडायला लागले होते. मी म्हटलं, "खांदा तिचा हाय. तिलेच विचार."

आणि कांचनने विचारलं. आधी स्वतःच्या बुटाकडे बोट, मग सेलाच्या खांद्याकडे, आणि मान हलवून प्रश्न. सेला तिच्याकडे बघून हसली. ते हसणं प्रेमळ वगैरे नव्हतं बरं का, हिंमत असेल तर ये, अशा थाटाचं होतं. तिने आपल्या खांद्यावर दोनदा थाप मारली आणि चेंडूकडे तोंड करून उभी राहिली. मी बाहेर पळाले.

रेषेपाशी पोहोचून वळले तेवढ्यात नसरीनने मैदानाच्या मधूनच चेंडू उंच टोलवला. सेला त्याखाली आली, हात वर. कांचन तिच्या मागून चार पावलं पळाली आणि उडाली. तिचा गुडघा सेलाच्या पाठीवर, मग बूट खांद्यावर, आणि कांचन त्या सगळ्यांच्या वर, एकटी, दोन्ही हातांत चेंडू. मी आयुष्यात खूप खेळ पाहिला. असं काही पाहिलं नाही. दोघी धाडकन खाली आल्या, चेंडू सुटला नाही, पंचांची शिट्टी वाजली. भोवतीच्या सगळ्या मोटारी एकदम हॉर्न वाजवायला लागल्या. त्या गोंगाटातच सामना संपल्याचा भोंगा झाला.

पण नियम असा की झेल भोंग्याआधी घेतला असेल, तर त्या खेळाडूला तिची लाथ मारायला मिळते. म्हणजे मैदानावर आता एकटी कांचन, समोर चार खांब. गोल झाला तर सहा गुण आणि जिंकलो. नेम हुकला तर हरलो. सगळे बघत होते. आणि कांचन चेंडू खाली ठेवून सेलाकडे गेली. तिला हात देऊन उठवलं, खांद्याची माती झटकली, त्या खांद्याला हात लावला आणि कपाळाला नेला. सावकाश, अगदी घरी करतात तसं. खेळ थांबलेलाच होता, कोणाचं काय अडलं होतं?

मग ती परत आली, चेंडू उचलून चार पावलं पळाली आणि मारला. चेंडू सरळ गेला, सरळ गेला, आणि शेवटी वाकडा होऊन मधल्या खांबाला आपटला. टणकन आवाज झाला, तो मला रेषेपर्यंत ऐकू आला. एक गुण. आम्ही चार गुणांनी हरलो.

कांचन तिथेच खाली बसली. गुडघ्यात डोकं घालून रडत होती. मलाही रडू आलं, कशाला लपवू? स्पर्धेत एक तरी सामना जिंकायचा होता आम्हाला, तो त्या खांबाने खाल्ला. आमच्या पोरी तिच्याकडे निघाल्या, पण त्यांच्या आधी सेला पोहोचली. तिने आणि तिच्या एका सोबतिणीने कांचनला उचललं आणि आपल्या खांद्यांवर बसवलं. तिकडे ज्या खेळाडूचा मान करायचा, त्याला असं खांद्यावरून मैदानाबाहेर नेतात. पण नेतात ते आपापल्या संघाचे. जिंकलेल्या संघाने हरलेल्या पोरीला न्यावं, हे तिथल्या पंचांनीही पाहिलं नव्हतं, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

हॉर्न पुन्हा सुरू झाले. सगळे उभे राहिले होते. आणि खांद्यांवर बसलेली कांचन ते काही बघत नव्हती. तिने दोन्ही पाय पुढे ताठ धरले होते, चिखलाचे बूट कोणाच्या अंगाला लागू नयेत म्हणून, आणि तोल जाऊन पडायची वेळ आली होती. ती मला शोधत होती. "मॅडम, मले खाली घ्या, यायच्या अंगाले पाय लागून राह्यले," असं रडत ओरडत होती.

मी तिच्याकडे निघणार, एवढ्यात दास सरांनी माझा हात धरला. तिच्या भाषेतलं एक अक्षर त्या माणसाला कळत नव्हतं, पण ते ताठ धरलेले पाय त्यांना कळले होते. त्यांचे डोळे भरले होते. सामना संपला होता, निरोप्याचं काम संपलं होतं, तरी ते म्हणाले, "मॅडम, एक बार और जाओ. बोलो उसको, लगने दो."

मी पळाले. जवळ जाऊन, मान वर करून, हॉर्नच्या वर आवाज चढवून तिला सांगितलं, "कांचन, सरांचा निरोप हाय. लागू दे पाय."

तिने रेषेकडे, सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग तिने हळूच पाय सोडले.